बडनेरा रोडवरचा समुद्र

अमरावतीहून समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक रात्र काढावी लागते. तरीही मी आयुष्याची उणीपुरी वीस वर्षं समुद्राच्या पाण्यात हात घालून नोकरी केली, आणि तीही बडनेरा रोडवर. डाव्या बाजूला टायरचं दुकान, उजव्या बाजूला मंगल कार्यालय आणि मधे आमचं मत्स्यालय. लग्नाची वरात निघाली की बँडच्या आवाजानं आमचे मासे टाकीच्या तळाशी जाऊन बसायचे. वरात पुढे गेली की पुन्हा वर.

हे मत्स्यालय दिवाकरभाऊंचं. दिवाकरभाऊ मूळचे अकोटचे, घरचा जिनिंगचा धंदा. मुलीकडे परदेशी गेले होते, तिथं काचेच्या बोगद्यात उभं राहून डोक्यावरून मासे जाताना पाहिले आणि त्याच वेडात परत आले. कापूस मुलाच्या हाती सोपवून त्यांनी इथं मासे आणायचे ठरवले. तेव्हा मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. माझे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत. मुलीनं शिकून कायमची सरकारी नोकरी धरावी, एवढीच त्यांची इच्छा. मी मत्स्यालयाचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "एवढी शिकली, अन् आता मासे पाळशील?"

त्यांना काय सांगणार! मासे पाळायचे नव्हतेच. पाळायचं होतं ते पाणी.

या धंद्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. बाहेरच्या माणसाला मासा दिसतो, आतल्या माणसाला पाणी. गोड्या पाण्याचे मासे त्यातल्या त्यात सोसणारे असतात. समुद्राचा मासा मात्र फार मानी. त्याचं पाणी आपल्याला इथं बसून तयार करावं लागतं. त्यासाठी खास मीठ मिळतं, त्यात नुसतं मीठ नसतं, समुद्रातले इतरही क्षार असतात. ते गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं, एक दिवस फिरत ठेवायचं आणि मग टाकीत सोडायचं. उन्हाळ्यात ते थंड ठेवायचं, डिसेंबरात कोमट. माशांची घाण खाऊन टाकणारे सूक्ष्म जीव गाळणीत वाढवायचे, आणि हे सगळं चालू राहावं म्हणून पाणी सतत खेळतं ठेवायचं. पाणी थांबलं की समुद्र मेला.

दिवाकरभाऊंना पहिल्यांदा मिठाचा खर्च कळला तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचं आजोळ कुठचं?"

"अकोटकडचं. खारपाणपट्ट्यातलं."

"मंग झालं की! तिथल्या विहिरीचं पाणी खारंच हाय न? लावू दोन टँकर."

त्या पाण्यानं माझ्या आजीचा चहा फाटायचा, डाळ शिजायची नाही. ते प्यायला पूर्णेकाठची गुरंसुद्धा तोंड वेडंवाकडं करत. पण तो खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा, हे दिवाकरभाऊंना पटवायला मला बादलीभर पाणी आणि एक मासा खर्ची घालावा लागला. त्यानंतर त्यांनी माझ्या पाण्यात कधी ढवळाढवळ केली नाही.

भांडण मात्र एका पाटीवरून झालं. गोड्या पाण्याच्या टाकीत आमच्याकडे चंदेरी, लांबट, टोकदार पंखांचे मासे होते. ते मागुर-शिंगाडा या मिशा असलेल्या माशांच्या जातकुळीतले, पण बाजारात त्यांना 'शार्क' म्हणून विकतात. दिवाकरभाऊंनी त्या टाकीवर लाल अक्षरांत 'शार्क' अशी पाटी लावली. मी ती काढली. त्यांनी पुन्हा लावली. मी पुन्हा काढली. शेवटी ते म्हणाले, "अहो, लोक शार्क पाहाले येतात. मिशावाला मासा पाहाले कोण येईन?" मी म्हटलं, "पोरं वहीत उतरवून घेतात, भाऊ. उद्या शाळेत तेच सांगतील." यावर त्यांनी पाटी बदलली. नवी पाटी होती : 'शार्कसारखा दिसणारा मासा'. हे खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची यायची. एक गृहस्थ दर गुरुवारी खिशात कणकेच्या गोळ्या घेऊन यायचे. त्यांना कुणीतरी माशांना खाऊ घालायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं की माझ्या पाठीमागे टाकत. अखेर मी त्यांना वडाळी तलावाचा रस्ता दाखवला. एक बाई प्रत्येक टाकीपुढे उभी राहून "याचं कालवण कसं लागते?" असं विचारत गेली आणि जाताना म्हणाली, "भूक लागली बाप्पा!" एक नवरा-बायको भांडत भांडत आत आले, गोबऱ्याच्या टाकीपुढे थांबले आणि नवरा म्हणाला, "पाहा, थेट तुझ्या भावासारखा." बायको इतकी हसली की भांडण मिटलं. गोबरा हा मोठ्या तोंडाचा, जाड ओठांचा मासा. त्या भावाला मी पाहिलेलं नाही, पण मला त्याची दया आली.

आणि शाळेच्या सहली. डिसेंबर उजाडला की आमच्या दारात बसेस लागायच्या. मुलं रांगेत आत यायची, काचेवर थापा मारायची, मास्तर "हात लावू नका" म्हणून ओरडायचे, चहापाण्याच्या वेळेआधी सगळे बाहेर. मुलांनी माशांपेक्षा एकमेकांच्या पाठीच जास्त पाहिलेल्या असायच्या. मी तोंड दुखेपर्यंत बोलायचे. त्यातलं किती डोक्यात शिरलं हे मला कधी कळलं नाही. मी स्वतःला शिक्षिका समजत होते, पण खरं सांगायचं तर बहुतेक दिवस मी वाहतूक पोलीस होते.

आमच्या समुद्राच्या टाकीत सगळ्यांची लाडकी होती एक पाकट. पाकट म्हणजे चपटा, पसरट मासा, मागे चाबकासारखी शेपूट. ती पोहते तेव्हा वाऱ्यावर फडकं उडाल्यासारखी दिसते. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मी ती मागवली होती. प्राणवायू भरलेल्या मोठ्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून ती आली तेव्हा आमचे रहीमभाई तिला पाहून म्हणाले, "ये तो ज्वारी की भाकर है." रहीमभाई आमच्याकडचे पंप, नळ आणि वायरिंग सांभाळत. तेव्हापासून तिचं नाव भाकर पडलं.

भाकर काचेला पोट लावून वर सरकायची तेव्हा पोरं किंचाळायची, कारण खालच्या बाजूनं तिला दोन डोळे आणि हसरं तोंड असल्यासारखं दिसायचं. ते डोळे नसतात, नाकपुड्या असतात. खरे डोळे पाठीवर. मी हे हजारदा सांगितलं असेल. पोरं ऐकून घ्यायची आणि तरीही म्हणायची, "हसून राहिली!"

मी ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे, तो दिवस अशाच एका डिसेंबरातला. दूर डोंगरातल्या धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेची सहल येणार होती. सातवीची मुलंमुली, बहुतेक सगळी कोरकू आदिवासी. त्यांचे बेठेकर सर तरुण होते, स्वतः त्याच भागातले. फोनवर म्हणाले होते, "मॅडम, पुस्तकात सागरी जीवांचा धडा आहे. मी शिकवला. पण यांच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही. मीसुद्धा एकदाच पाहिला. तुम्ही जरा वेळ द्याल ना?" वेळ द्याल का, असं विचारणारे ते पहिलेच शिक्षक होते. त्या दिवशी दुसरी शाळा घेऊ नका, असं मी दिवाकरभाऊंना सांगून ठेवलं.

सकाळी मी माशांना खाणं घालत असताना बाहेर मोठा आवाज झाला आणि सगळे पंप एकदम थांबले. चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला होता. मत्स्यालयात काम करणाऱ्या माणसाला पंपांची घरघर ऐकू येत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. ऐकू येते ती शांतता.

रहीमभाईंनी जनरेटर लावला. तो तासभर चालला, खोकला आणि बंद पडला. ते आत डोकं घालून बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा हात काळे आणि चेहरा त्याहून. "मॅडम, इसका काम तमाम. मिस्त्री अकोले से पार्ट लाएगा तब."

वीज कंपनीचा माणूस म्हणाला, संध्याकाळ होईल. भाड्याचा जनरेटर शोधायला मी मंडप-डेकोरेशनवाल्यांना फोन लावले. लग्नसराई होती, सगळे जनरेटर कुठल्या ना कुठल्या लग्नात. एक जण म्हणाला, सहा वाजता एक मोकळा होईल.

आमच्याकडे बॅटरीवरचे छोटे पंप होते. ते लहान टाक्यांना पुरले. प्रश्न समुद्राच्या टाकीचा होता. ती एका लहान खोलीएवढी, आणि आत मासे भरपूर. पाणी खेळत नसलं की त्यातला प्राणवायू माशांनीच वापरून संपतो. दुपारपर्यंत पिवळे, चपटे फुलपाखरू मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडी ठेवून गोळा झाले. भाकर, जी एरवी वाळूत लपून बसायची, ती काचेवरून वर-खाली फिरू लागली. तिच्या डोळ्यांमागची भोकं, ज्यांतून ती श्वासासाठी पाणी आत घेते, ती भराभर उघडमीट करत होती.

मी आणि रहीमभाई टाकीमागच्या फळ्यांवर चढून बादलीनं पाणी उपसत होतो आणि उंचावरून पुन्हा टाकीत ओतत होतो. पडणारं पाणी हवा सोबत घेऊन जातं, तेवढाच आधार. पण दोन माणसांनी ओतून एवढ्या टाकीचं काय होणार?

तेवढ्यात दिवाकरभाऊंचा फोन. ते दर्यापूरला नातेवाइकांकडे होते. "मॅडम, त्या सहलीले परत पाठवा. अंधारात का दाखवता त्यायले? मी निघालोच."

मी फोन ठेवला आणि बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला.

पहाटे निघालेली पोरं होती ती. घाटातल्या वळणांवर निम्म्यांना उलट्या झालेल्या. परतवाड्याला तोंडं धुतलेली, केसांना तेल, अंगात शाळेचे निळे स्वेटर. दारात रांग लावून उभी राहिली आणि आतल्या अंधाराकडे पाहू लागली.

मी बेठेकर सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि मुलांकडे पाहत होते. "परत जाऊ म्हणता का, मॅडम?"

"दिवे नाहीत, सर. आणि मला तुमच्यासोबत फिरता येणार नाही. टाकी सोडली तर मासे मरतील."

"मग आम्हाला काम सांगा," ते म्हणाले. "परत जायला आम्ही आलो नाही."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की मला हो-नाही करायलाच जमलं नाही. रहीमभाई वरून सगळं ऐकत होते. ते खाली उतरले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सायकलच्या चाकात हवा भरायचे पंप होते. शेजारचं टायरचं दुकान, त्यापलीकडचं पंक्चरवाल्याचं, सगळीकडून गोळा करून आणलेले. त्यांनी पंपांना आमच्या प्लास्टिकच्या नळ्या जोडल्या, नळीच्या टोकांना हवेचे दगड बसवले. हे दगड सच्छिद्र असतात, त्यांतून हवेचे बारीक बुडबुडे निघतात. नळ्या टाकीत सोडल्या आणि एक पंप दाबला. पाण्याच्या तळातून बुडबुड्यांची दोरी वर आली.

पोरांनी "ओऽऽ" केलं.

मी सगळ्यांना नुसत्या पाण्यानं हात धुवायला लावले. साबण नाही, कारण साबणाचा अंशसुद्धा माशांना बाधतो. केसांच्या तेलाचे हात तर मुळीच नकोत. मग कामं वाटली. काही जण जमिनीवर बसून पंप मारतील. काही जण मागच्या फळ्यांवर कठड्याच्या आत उभं राहून, दोर बांधलेल्या बादल्यांनी पाणी काढतील आणि उंचावरून ओततील. पाण्यात हात कुणीही घालायचा नाही, पाकटीच्या शेपटीला काटा असतो. फळ्यांवर रहीमभाई उभे. दमलं की उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. ज्याची पाळी नाही त्यानं पुढून, सरांच्या मोबाईलच्या उजेडात, मासे पाहायचे आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं.

आणि मग माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास सुरू झाला.

"तो पिवळा खाली गेला!" पुढून कुणीतरी ओरडे. "म्हणजे?" मी वरून विचारी. "म्हणजे त्याले हवा भेटली!" "मोठ्या तोंडाचा अजून वरच हाय!" "मग त्या बाजूला बादली ओता!" एक पोरगं पंप मारता मारता थांबलं, तर समोरची दोघं त्याच्यावर डाफरली, "अबे मार न! तो मरून राहिला!" माशाला नाक कुठे असतं, पाण्यात हवा कशी असते, कल्ले म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं सांगत आले होते. त्या दिवशी कुणाला सांगावंच लागलं नाही. त्यांचे खांदे दुखत होते आणि समोर कल्ले हलत होते. दोन्हींचा संबंध त्यांचा त्यांनीच लावला.

या सगळ्यात एक मुलगी काचेला टेकून गप्प उभी होती. तिचं नाव रामकली. घाटात तिला सगळ्यांत जास्त त्रास झाला होता, चेहरा अजून उतरलेला. मी तिला पाणी द्यायला खाली उतरले. ती भाकरकडे पाहत होती.

"मॅडम, हे समुद्रातून आणली न?"

"हो."

"कोणं आणली?"

"मीच मागवली होती."

"काहून?"

एवढी वर्षं झाली, हा प्रश्न कुणी असा सरळ विचारला नव्हता. मी म्हटलं, "तुम्हाला दाखवायला."

"आमाले दाखवाले?" ती म्हणाली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भाकरकडे. "तिथं सोडून द्या न मंग. आता पाहली आमी."

मी तिला सांगितलं की तसं करता येत नाही. इतकी वर्षं टाकीत राहिलेल्या जिवाला समुद्रात शिकार करता येईलच असं नाही, तिच्यासोबत इथले रोगही तिथं जातील. हे सगळं खरं होतं. रामकलीनं ते नीट ऐकलं. मग ती खाली बसली, शेजारच्या मुलाच्या हातून पंप घेतला आणि मारायला लागली. तिला उठवायला गेलं की "नाई, मी करते" म्हणायची. शेवटी मी तिचा नाद सोडला.

दिवाकरभाऊ आले तेव्हा पोरं ऐन जोरात होती. ते दारातूनच ओरडले, "मॅडम, हे का चालू हाय? पोट्टे चढवले तुमी टाकीवर? एखादं पडलं म्हंजे?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "कठडा आहे, रहीमभाई उभे आहेत, सर खाली आहेत. मुलं उतरवली तर अर्ध्या तासात टाकी संपेल, भाऊ. उतरवू का?"

ते टाकीच्या पुढे आले. आत बुडबुड्यांच्या दोऱ्याच दोऱ्या. भाकर त्यांच्या मधून फिरत होती. त्यांनी पोरांकडे पाहिलं. मग बाहेर गेले आणि सगळ्यांसाठी केळी आणि बिस्किटं घेऊन आले. स्वतः वाटली.

तीन वाजता एस.टी.चे ड्रायव्हर आत आले. भले माणूस होते, दुपारभर त्यांनीही दोन-चार बादल्या ओढल्या होत्या. पण आता घाई करू लागले. "सर, निघाले पाहिजे. अंधारात मी घाटात गाडी नेणार नाही. पोरं माझ्या जिम्म्यावर हायत."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सरांनी मुलांना उठवलं. पंप एकेक करून थांबले. बुडबुड्यांच्या दोऱ्या तुटत गेल्या. शेवटी रामकलीचा एकच पंप चालू राहिला.

"चल रामकली," सर म्हणाले.

"मंग आता कोण मारीन?" तिनं विचारलं.

दिवाकरभाऊ पुढे झाले. पांढरा सदरा, पांढरी पँट, साठी उलटलेली, गुडघे दुखणारे. ते जमिनीवर मांडी घालून बसले, तिच्या हातून पंप घेतला आणि म्हणाले, "मी मारतो बाई. तू जाय."

ती जायला निघाली, दोनदा वळून पाहिलं. बस सुटल्याचा आवाज आम्ही आतून ऐकला. त्यानंतर मी, रहीमभाई, दिवाकरभाऊ आणि टायरच्या दुकानातले दोन कामगार असे पाच जण पंप मारत राहिलो. मुलं गेल्यावर ती जागा फार मोठी वाटायला लागली होती. दिवाकरभाऊ मधेच थांबून धापा टाकत म्हणाले, "पोट्टे कसे करत होते हो इतका वेळ?" भाड्याचा जनरेटर यायच्या आधीच, दिवेलागणीला वीज आली. पंपांची घरघर सुरू झाली, तेव्हा रहीमभाई भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले.

पण टाकी बंद पडली की तिचे भोग वीज आल्यावरही संपत नाहीत. गाळणीतले काही सूक्ष्म जीव त्या काळात मेलेले असतात. मग पाणी हळूहळू बिघडतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फुलपाखरू मासे सगळे गेले. दोन एंजल मासे गेले. गोबरा तगला. भाकर तगली.

ती त्यानंतर आणखी दोन उन्हाळे जगली. मग एका सकाळी वाळूवर शांत पडलेली सापडली, कसलीही धडपड केल्याची खूण नव्हती. काही दिवस टाकी तशीच ठेवली. मग दिवाकरभाऊ म्हणाले, "मॅडम, सहलीचे दिवस आले. व्यापाऱ्याले फोन लावा. दुसरी पाकट मागवून घ्या."

मी म्हटलं, "भाऊ, मी नाही मागवणार."

ते चकित झाले. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होते. पाकट नसली तर पोरं काय पाहणार? वऱ्हाडातल्या मुलांना समुद्र दाखवणारी दुसरी जागा आसपास नव्हती, आणि मीच ती बंद करायला निघाले होते. आजही कधी कधी वाटतं, त्या नंतरच्या मुलांचं मी काहीतरी हिरावून घेतलं. पण तेव्हा माझं मन ठरलेलं होतं.

"कारण तरी सांगा," दिवाकरभाऊ म्हणाले.

तेव्हा मी त्यांना एका फोनबद्दल सांगितलं. तोवर ते बोलणं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेठेकर सरांचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, वर्ग चालू होत नाही. मुलं आधी तुम्हाला फोन करा म्हणतात. मी आवाज मोठा करतो, तुम्हीच सांगा." मी दुसऱ्या हातातल्या जाळीत मेलेले मासे घेऊन उभी होते. क्षणभर वाटलं, सगळे ठीक आहेत म्हणावं. पण आदल्या दिवशी त्यांनी इतकं खरं काम केलं होतं की त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सांगितलं, भाकर जगली, गोबरा जगला. फुलपाखरू मासे गेले, दोन एंजल गेले.

पलीकडे वर्ग शांत झाला. धारणीकडची रेंज कच्ची, मला वाटलं फोन कटला. मग एक आवाज आला. रामकलीचा.

"मॅडम, आमी निंगून गेलो म्हणून मेले का?"

मी म्हटलं, "नाही गं. तुम्ही होतात म्हणून बाकीचे जगले."

ती म्हणाली, "पुढच्या टायमाले लाईन गेली का आमाले लवकर फोन करजा. आमी येतो."

धारणीहून. घाट उतरून, वाटेत उलट्या करत, एका माशाला श्वास द्यायला. आणि ती हे अगदी मनापासून म्हणत होती. ती भाकर मी आणली होती ती त्या मुलीला दाखवायला, आणि भाकरच्या जगण्या-मरण्याचा भार आता रामकलीच्या डोक्यावर जाऊन बसला होता. तसा दुसरा जीव पिशवीत घालून मागवायला माझा हात धजेना.

दिवाकरभाऊ ऐकत होते. बोलणं संपल्यावर ते टाकीजवळ गेले, काचेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता ते समजावतील, धंद्याचं सांगतील.

"त्या पोरीनं खरंच असं म्हटलं?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं.

"हो."

"मंग नका मागवू," ते म्हणाले, आणि स्वतःच हात लांब करून टाकीवरचा दिवा बंद केला.